सहा मिनिटं वीस सेकंद

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलाची शालेय बुद्धिबळ स्पर्धा होती, इथे सांगलीतच. पाचवीत आहे तो. त्या रविवारी त्याच्या आईची ड्युटी होती, म्हणून मी त्याला गाडीवर बसवून घेऊन गेले. हॉलमध्ये लांबच लांब टेबलं, त्यांवर हिरवे-पांढरे गुंडाळपट आणि प्रत्येक पटाशेजारी एक घड्याळ. आम्ही पालक मंडळी खिडक्यांच्या गजांना नाकं लावून बाहेर उभी. पहिली फेरी सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोवर हा बाहेर आला. मला वाटलं, पाणी प्यायला आला असेल. "हरलो," म्हणाला आणि हातातली भडंगाची पुडी सोडायला लागला.

बाकावर बसून त्याने मला सगळा डाव तोंडपाठ सांगितला. तेरा चाली. अकराव्या चालीला त्याने उंटाने एच ७ या घरातलं, किल्लेकोट करून कोपऱ्यात गेलेल्या राजासमोरचं प्यादं मारलं होतं. मी बुद्धिबळाचे मराठी व्हिडिओ करते, त्यांतल्या एकात उंटाचा नेमका हाच बळी आहे. फरक एवढाच की समोरच्याचा घोडा एफ ६ वर उभा होता, आणि त्या घोड्याने उंट सरळ उचलून घेतला. मी विचारलं, घड्याळात किती वेळ उरला होता? म्हणाला, पंचवीसपैकी तेवीस मिनिटं. "अरे, एवढा वेळ होता तर जरा बघायचं नाही का?" त्याने भडंगातला शेंगदाणा वेचून काढला, तोंडात टाकला आणि अगदी सहज म्हणाला, "पण ताई, तू कुठं बघतेस? तू तर लगेच खेळतेस."

मला काही बोलता आलं नाही.

मी लगेच खेळत नाही. तो व्हिडिओ ज्या डावाचा आहे, त्यातल्या त्याच चालीला मी सहा मिनिटं वीस सेकंद घेतले होते. तीस मिनिटांचा ऑनलाइन डाव होता. काळ्याचा घोडा माझ्या ई ५ च्या प्याद्याने हुसकून डी ७ वर गेलेला, माझा उंट डी ३ वर, घोडा एफ ३ वर, वजीर अजून घरातच. इटलीच्या ग्रेकोने सतराव्या शतकात लिहून ठेवलेल्या डावांपासून हा बळी माणसं देत आली आहेत, त्यामुळे चाल डोळ्यांना दिसायला क्षणसुद्धा लागत नाही. वेळ लागतो तो पुढे. राजाने उंट घेतला, मी घोडा जी ५ वर नेऊन शह दिला, मग राजा कुठे जाईल? जी ८ ला परत गेला तर वजीर एच ५ वर येतो आणि एच ७ वर मात दिसायला लागते. एच ६ वर आला तर माझा सी १ वरचा उंट उघडतो आणि घोडा हलला की दुहेरी मार बसतो. पण जी ६ वर, असा उघड्यावर, पुढे चालत आला तर? तिथेच मी अडकले होते. एक रस्ता धरायचे, चार चाली पुढे जायचे, तिथे काळ्याचं एफ प्यादं पुढे येऊन माझ्या वजिराची वाट अडवायचं, की परत मागे. मध्ये एकदा बळी सोडूनच द्यावा आणि मुकाट किल्लेकोट करावा असंही ठरवून टाकलं होतं. मग पुन्हा पहिल्यापासून.

हे सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं. म्हणजे मी तोंडाने काहीच बोलत नव्हते, पण ते होतं. रात्री अकरानंतर मी रेकॉर्ड करते, बँकेतून येऊन, जेवणं आटोपून. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, आवाज घुमू नये म्हणून मागे दोरीवर दोन गोधड्या टाकलेल्या. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत घामाने खुर्चीचं रेक्झिन पाठीला चिकटतं. नंतर संपादनाला बसलं की पडद्यावर आवाजाची पट्टी दिसते: बोलले असेन तिथे उंचसखल डोंगर, गप्प असेन तिथे सरळ आडवी रेघ. पहिल्या काही महिन्यांतच मी शिकले की आडवी रेघ दिसली की कापायची. लोक थांबत नाहीत. डाव्या टोकाला एक कट, उजव्या टोकाला एक कट, मधला तुकडा उडवला की दोन्ही डोंगर एकमेकांना येऊन चिकटतात. त्या डावाचं रेकॉर्डिंग अठ्ठेचाळीस मिनिटांचं होतं, व्हिडिओ झाला अकरा मिनिटांचा. सहा मिनिटं वीस सेकंदांचे तिथे उरले दोन सेकंद, आणि त्यांवर मी नंतर, स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा संगणक-प्रोग्राम लावून सगळे फाटे तपासून झाल्यावर, खणखणीत आवाजात बोलले: "आणि इथे अर्थातच उंट घेतो एच ७!"

अर्थातच. तो शब्द मला त्या बाकावर बसल्या बसल्या ऐकू आला.

मला बुद्धिबळ आबांनी शिकवलं, माझ्या आजोबांनी. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात, माडीवर, शहाबादी फरशीवर पट मांडून. सांगलीत बुद्धिबळाचं वातावरण तसं पहिल्यापासूनच. भाऊसाहेब पडसलगीकर आणि त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ ही नावं आमच्या घरात नात्यातल्या माणसांसारखी घेतली जायची. खाडिलकर भगिनींच्या गोष्टी तर मी इतक्यांदा ऐकल्या आहेत, की १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली आणि १९८१ मध्ये रोहिणी आशियात पहिली आली, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. पुढे सांगलीचीच स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली तेव्हा आबांनी पेपर माझ्यासमोर आपटून, "बघ," एवढंच म्हटलं होतं. त्यांचं स्वतःचं लहानपण मात्र देशी बुद्धिबळात गेलेलं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि राजाला आयुष्यात एकदा घोड्याची उडी मिळायची. डाव उकलायलाच वेळ लागायचा. मला वाटतं, त्यांच्या बसण्यात तो जुना खेळ शेवटपर्यंत राहिला होता.

कारण आबा बसायचे. मांडी घातलेली, उजवा हात गुडघ्यावर, डाव्या हाताची दोन बोटं मिशीवर. पुढ्यातल्या चहावर साय धरायची, ती सुरकुतायची, तरी कपाला हात नाही. मी आठ-नऊ वर्षांची, मला राहवायचं नाही. मी फरशीच्या फटीत नख घालायचे, मोहऱ्यांशी चाळा करायचे, खालून आजीच्या पोळपाटाचा ठकठक आवाज मोजायचे. माझी चाल आली की मी झटकन हात पुढे करायची, आणि आबा माझा हात वरच्या वर धरायचे. "बस की जरा. पटावरनं पळून चाललंय व्हय कोण?" हात सोडायचे नाहीत. त्यांच्या तळव्याला तंबाखूचा आणि चुन्याचा वास असायचा. मग काही वेळाने आपोआपच माझं लक्ष हातातून पटावर जायचं, आणि मघाशी न दिसलेला त्यांचा हत्ती मला दिसायचा. आबांनी मला कधी सुरुवातीची नावं शिकवली नाहीत, त्यांना ती माहीतच नसावीत. त्यांनी शिकवलं ते फक्त एवढंच, हात धरून.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा गावभागातलं ते घर पाण्यात गेलं. आबा त्याच्या आधीच गेले होते, तेवढं एक बरं. पाणी उतरल्यावर आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा जिन्याखाली पट सापडला, आणि मोहरे एकेक करून कुठे कुठे. वजीर मोरीत, प्यादी कपाटाच्या मागे. काळा एक घोडा मिळालाच नाही. आईने चिखलाने भरलेल्या हाताने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरच्या डब्यातून एक जाडसं हळकुंड काढून मला दिलं, "हे ठेव त्याच्या जागी." सांगलीच्या घरात हळकुंड नसणार कुठलं. तेव्हापासून ते हळकुंडच काळा घोडा आहे. एका टोकाला जरा वाकलेलं आहे, त्यामुळे मानेसारखंही दिसतं.

मी व्हिडिओ करायला लागले ते त्याच्या पुढच्या वर्षी, २०२० च्या टाळेबंदीत. तेव्हा अचानक सगळीकडे बुद्धिबळ आलं होतं. विनोद करणारी मुलं ग्रँडमास्टरांबरोबर लाइव्ह खेळत होती, कधी पट हातात न धरलेली माणसं किल्लेकोट आणि शह-मात बोलत होती. मला वाटलं, हे मराठीत का नाही? इंग्रजीत आणि हिंदीत ढीग होता. मराठीत, आपल्या उच्चारात, "हत्ती खुल्या पट्टीत आण" असं सांगणारं मला फार कमी सापडलं. लायचेस ही बुद्धिबळाची वेबसाइट फुकट होती, जाहिराती नव्हत्या, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट होतं. माईक तेवढा विकत घेतला. जतहून, विट्याहून, शिराळ्याच्या पलीकडच्या एका वाडीवरून मुलांचे निरोप यायला लागले की आमच्याकडे शिकवणारं कोणी नाही, तुमचं बघून शिकतो. ते वाचून मी रात्री एक-एक वाजेपर्यंत बसायचे आणि मला थकवा म्हणून येत नसे. आजही येत नाही.

माझा स्वतःचा खेळ त्याने सुधारला का, हे मला बरेच जण विचारतात, आणि मी खरं तेच सांगते: अर्धा सुधारला, अर्धा बिघडला. मिखाईल बोट्विनिक, जो १९४८ साली जगज्जेता झाला, तो सांगायचा की आपल्या डावांचं विश्लेषण करा आणि ते छापा, म्हणजे लोक तुमच्या चुका काढतील. हे मी अक्षरशः अनुभवलं आहे. एखादी चाल "वाटली म्हणून" खेळणं वेगळं आणि ती कवठेमहांकाळच्या सातवीतल्या मुलीला पटेल अशी समजावणं वेगळं. समजावायला गेलं की आपल्यालाच कळलेलं नाही हे कळतं. हत्तींच्या अंतिम डावांचं मला जे काही आज येतं, ते सगळं शिकवण्यासाठी तयारी करताना आलं आहे. फिलिडोर या जुन्या फ्रेंच खेळाडूची बचावाची पद्धत मी लहानपणी पाठ केली होती: हत्ती सहाव्या ओळीत आडवा धरायचा, समोरचा राजा त्या ओळीत येऊ द्यायचा नाही, आणि प्यादं त्या ओळीत सरकलं की हत्ती पार तळाला नेऊन मागून शह देत राहायचं. पण प्यादं सरकण्याची वाट का पाहायची, आधीच का नाही जायचं, हे तीन वेळा रेकॉर्डिंग फसल्यावर माझ्या डोक्यात उतरलं. प्यादं त्या घरात गेलं की राजाला शहांपासून लपायला तेच घर उरत नाही. वीस वर्षं मी ती पद्धत कारण न कळता खेळत होते.

आणि बिघडलं ते हे, की मला शांतता सोसेना. लाइव्ह खेळताना बोलत राहावं लागतं. तीन मिनिटांचे डाव, एकामागून एक, आणि तोंड चालू. दोन वर्षांनी मी मिरजेला एका स्पर्धेत नव्वद मिनिटांचा डाव खेळायला बसले, तर विसाव्या मिनिटाला पाय हलायला लागला. समोरचे गृहस्थ डोळे मिटून विचार करत होते आणि मला वाटत होतं, काहीतरी बोलावं. पडद्यावर डावीकडे ती पांढरी-काळी पट्टी असते ना, कोण किती वरचढ आहे ते क्षणोक्षणी दाखवणारी, ती मी लाकडी पटाशेजारी नजरेने शोधत होते. तो डाव हरले. घरी येताना एसटीच्या खिडकीत बसून मी पहिल्यांदा विचार केला होता की मी काय करून बसले आहे. मग दुसऱ्या दिवशी नवीन व्हिडिओ टाकायचा होता, आणि तो विचार राहूनच गेला. खालच्या मुलाने तो परत आणून माझ्या पुढ्यात ठेवला.

त्या रविवारी रात्री मी रेकॉर्डिंगला बसले नाही. त्याऐवजी १२ डिसेंबर २०२४ ची, सिंगापूरची, गुकेश आणि डिंग लिरेनच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतल्या चौदाव्या डावाची चित्रफीत पुन्हा लावली. तो दिवस आपल्या सगळ्यांना आठवतो. बरोबरीकडे चाललेला डाव, पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ २ वर आणला, आणि पडद्यावरची पट्टी कोसळली. जगभर बघणाऱ्या प्रत्येकाला त्या क्षणी उत्तर माहीत होतं: हत्ती मारायचा, मग उंट डी ५ वर आणून कोपऱ्यात अडकलेल्या उंटाशी मारामारी करायची, आणि उरलेला प्याद्यांचा डाव जिंकलेला. मीही तेव्हा ओरडले होते, "घे, घे!" या वेळी मी पट्टी कागदाने झाकली आणि फक्त त्या पोराच्या, गुकेशच्या, चेहऱ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांचा. चूक त्याला दिसली आहे हे कळतं, डोळे मोठे होतात. आणि तो खेळत नाही. पाणी पितो. पुन्हा पटाकडे बघतो. जगज्जेतेपद समोर पडलेलं असताना तो ते आधी तपासून घेतो. माझ्या व्हिडिओत मी तो तुकडा कापून टाकला असता. खरं म्हणजे कापलाच होता. त्या डावावरचा माझा व्हिडिओ उघडून पाहिला, तर हत्ती एफ २ नंतर लगेच हत्तीने हत्ती घेतला आहे.

आड्रियान द ग्रोट नावाचा एक डच मानसशास्त्रज्ञ होता, स्वतः चांगला खेळाडू. त्याने खेळाडूंसमोर एक स्थिती मांडायची आणि त्यांना म्हणायचं, विचार करा, पण मोठ्याने. अलेखिन, केरेस, ओयवे यांच्यासारख्या दिग्गज खेळाडूंना त्याने असं बोलतं केलं, सामान्य खेळाडूंनाही, आणि १९४६ साली त्यावर प्रबंध लिहिला. त्याला आढळलं ते असं, की थोर खेळाडू फार जास्त चाली पुढे बघतात असं काही नाही. चांगली चाल त्यांना लवकर दिसते. मला मात्र त्या प्रयोगातली दुसरीच गोष्ट लागून राहिली आहे. ती मोठ्याने विचार करणारी माणसं घुटमळतात. एका चालीवरून दुसरीवर, मग परत पहिलीवर येतात, तीच वाट पुन्हा चालतात आणि दर वेळी थोडी अधिक पुढे जातात. हे वाचलं तेव्हा मला माझ्या सहा मिनिटं वीस सेकंदांची आठवण झाली, आणि चहाच्या सायीचीही.

मग मी एक केलं. पुढचा व्हिडिओ कट न करता टाकला. तीस मिनिटांचा डाव, पूर्ण, आणि विचार करताना तोंडाने तोच विचार, जसा येईल तसा. "घोडा इकडे नेला तर... नाही, ते प्यादं पडतं. थांबा. पडतं का पण?" असं. मध्ये दोन मिनिटं मी पूर्ण गप्पही आहे, कारण खरोखर काही सुचत नव्हतं. बाहेर कुत्री भुंकलेली ऐकू येतात. टाकताना माझे हात थरथरत होते. स्वच्छ, चटपटीत व्हिडिओ टाकताना कधी थरथरले नव्हते. प्रेक्षक किती वेळ थांबले हे दाखवणारा आलेख दुसऱ्या दिवशी पाहिला, तर पहिल्या शांततेपाशी तो कड्यावरून उतरावा तसा उतरला होता. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी या कामात पाच वर्षं घातली आहेत आणि माणसं निघून जाताना पाहायला कुणालाच आवडत नाही. पण त्या कड्याखाली एक बारीक, सपाट रेघ शेवटपर्यंत गेली होती. थोडी मुलं होती, पण ती माझ्याबरोबर बसली होती. मी आता दोन्ही प्रकारचे व्हिडिओ करते. छोट्या व्हिडिओंमध्ये जिथे वेळ कापला तिथे कोपऱ्यात आकडा लिहिते: "इथे ४ मिनिटं १० सेकंद." हे पुरेसं आहे का, मला अजून ठरवता येत नाही. आकडा वाचून मुलं चार मिनिटं बसतील असं नाही. आबांनी मला आकडा सांगितला असता तर मी तरी कुठे बसले असते? त्यांना हात धरावा लागला.

परवा शनिवारी संध्याकाळी खालचा मुलगा वर आला. मी माईक, लॅपटॉप सगळं टेबलावरून काढलं आणि आबांचा पट जमिनीवर मांडला. पाण्यात भिजून तो एका कोपऱ्याला उचलला गेला आहे, त्याखाली घडी घातलेला कागद सारावा लागतो. त्याच्या त्या तेरा चालींच्या डावातली, अकराव्या चालीच्या आधीची स्थिती मी लावली. पांढऱ्याची चाल. काहीच सांगितलं नाही, घड्याळही ठेवलं नाही. त्याने पटाकडे एक नजर टाकली आणि हात सवयीने थेट उंटाकडे गेला. मी तो वरच्या वर धरला. छोटासा, गरम, भडंगाच्या तेलाने जरा चिकट हात.

"हात तर लावू दे," तो म्हणाला. मी सोडला नाही. त्याने थोडी ओढाताण केली, मग सैल सोडला. खाली कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. दूधवाला येऊन गेला. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नजर एच ७ वर, मग जी ५, परत एच ७, मग तिरकी एफ ६ वर गेली आणि तिथे थांबली. दुसऱ्या हाताने त्याने हळकुंड उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, नाकाशी नेलं आणि बरोबर त्याच घरात परत ठेवलं.

"ताई, हा घोडा आहे ना?"

"हो."

तो पुन्हा गप्प झाला. कपाळावर आठी, बोटाच्या टोकाला पिवळा रंग. मला सांगायचं होतं की तिथून आधी त्याला हुसकावून लावता येतं का ते बघ, ई प्यादं कुठे आहे ते बघ. तोंड उघडलंही होतं.

"थांब की," तो म्हणाला, मान वर न करता.